एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक : प्रवास विमा नेमका कोणता घ्यावा आणि मधुमेह असलेल्या वडिलांना न्यावे का?

अश्विनपौर्णिमा

नमस्कार. येत्या ऑक्टोबरच्या अखेरीस सोलापुरातील आम्ही काही परिचित मंडळी नेपाळमधील एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला जाण्याच्या तयारीत आहोत. माझे वडीलही सोबत येऊ इच्छितात. त्यांचे वय ६१ आहे, रक्तदाबाची गोळी अनेक वर्षे चालू आहे आणि मधुमेहासाठी अलीकडेच इन्सुलिन सुरू झाले आहे. चालण्यात ते आमच्यातल्या तरुणांनाही मागे टाकतात. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाण्याचा त्यांचा नेम आहे, आणि त्यामुळे "मला काय होणार आहे" असे ते म्हणतात.

विम्याबाबत मला तीन जणांनी तीन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. आमचे नेहमीचे विमा प्रतिनिधी म्हणतात की घरच्या सर्वांचा मेडिक्लेम आहे, तेव्हा वेगळा खर्च कशाला. ट्रेक नेणाऱ्या संस्थेने विमा शुल्कातच समाविष्ट असल्याचे सांगितले, परंतु मागून घेतलेल्या एका पानाच्या प्रमाणपत्रावर "गट वैयक्तिक अपघात विमा" असे लिहिलेले आहे. ऑनलाइन पाहिलेल्या एका परदेश प्रवास विम्यात साहसी क्रीडांचे जादा संरक्षण मिळते, पण त्याच्या मजकुरात "४५०० मीटर उंचीपर्यंत" अशी अट आहे.

यांपैकी कोणत्या कागदावर विसंबावे, हेलिकॉप्टरने खाली आणण्याची वेळ आली तर पैसे कोण भरते, आणि वडिलांना नेणे कितपत योग्य आहे, याविषयी जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे ही विनंती. "नेऊ नका" असे उत्तर असले तरी ते मला हवे आहे.

पॉलिसीवाचक

ताई, मी सर्वसाधारण विम्याच्या दाव्यांचे काम बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे कागदांपुरते सांगतो. वडिलांच्या प्रकृतीविषयी इथले डॉक्टर बोलतील.

आधी मेडिक्लेम. आपल्याकडील बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी भारतात घेतलेल्या उपचारांचाच खर्च देतात. परदेशातील उपचारांचे कलम त्यात मुद्दाम घेतलेले नसेल, तर काठमांडूच्या रुग्णालयाचे बिल त्यात बसणार नाही. हिमाचल किंवा उत्तराखंडात ट्रेक असता तर गोष्ट वेगळी होती. आरोग्य विम्यातील साहसी क्रीडांचा जो प्रमाणित अपवाद आहे, तो अशा क्रीडेत व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांना लागू होतो. हौसेने चालणाऱ्याला केवळ त्या कलमावर बोट ठेवून नाकारता येत नाही. हा फरक अनेक प्रतिनिधींनाही ठाऊक नसतो. परंतु तुम्ही देशाची सीमा ओलांडत आहात, म्हणून तुमच्यासाठी हा मुद्दा इथेच संपतो.

आता ट्रेक संस्थेचे प्रमाणपत्र, ज्याची मला सर्वांत अधिक चिंता वाटते. वैयक्तिक अपघात विमा अपघाताचे पैसे देतो, आणि अपघात म्हणजे अचानक, बाह्य कारणाने, डोळ्यांना दिसेल अशा रीतीने झालेली इजा. दरीत पाय घसरून हाड मोडले तर ते त्यात बसते. उंचीमुळे फुप्फुसात पाणी झाले किंवा मेंदूला सूज आली, तर तो आजार ठरतो, अपघात ठरत नाही. या मार्गावर माणसाला तातडीने खाली आणण्याची वेळ प्रामुख्याने उंचीच्या आजारामुळे येते, म्हणजे ज्या संकटाची शक्यता सर्वाधिक त्याच संकटात हा कागद निरुपयोगी आहे. संस्था फसवते आहे असे मी म्हणत नाही. तिने जे घेतले आहे ते खरे आहे, पण ते तुमच्या गरजेचे नाही.

तिसरा कागद योग्य जातीचा आहे, मात्र त्यातील ४५०० हा आकडा तुमच्या मुक्कामांशेजारी ठेवून पाहा. लुक्ला २८६० मीटरवर, नामचे बाजार ३४४० वर, तेंगबोचे सुमारे ३८६० वर आणि दिंगबोचे ४४१० वर आहे. इथवर तुम्ही मर्यादेत आहात. त्यापुढचा मुक्काम लोबुचे ४९४० वर, गोरक्षेप ५१६४ वर आणि बेस कॅम्प ५३६४ वर. सूर्योदयासाठी लोक ज्या काला पत्थरवर चढतात, तो साडेपाच हजारांच्याही वर आहे. याचा अर्थ दिंगबोचेहून निघालेल्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या आधीच, तुमचे विमा संरक्षण संपते, आणि नेमक्या त्याच टप्प्यापासून धोका वाढत जातो. या ट्रेकसाठी ६००० मीटरपर्यंतची मर्यादा लेखी असलेली पॉलिसीच घ्यावी. दोन-तीन कंपन्यांकडे विचारणा केल्यास ती मिळते. हप्ता अधिक असतो, परंतु तो ट्रेकच्या एकूण खर्चाच्या तुलनेत लहानच राहतो.

उंचीच्या खालोखाल "गिर्यारोहण" हा शब्द पाहावा. काही पॉलिसींमध्ये "ज्यासाठी दोर किंवा मार्गदर्शक लागतो असे गिर्यारोहण" वगळलेले असते. बेस कॅम्पला दोर लागत नाही, पण मार्गदर्शक तर सोबत असणारच. अशा संदिग्ध कलमाचा अर्थ दावा आल्यावर लावला जाऊ नये, म्हणून पॉलिसी घेण्यापूर्वी कंपनीला ईमेल करून "मार्गदर्शकासह पायवाटेने केलेला ट्रेक या अपवादात येतो का" असे विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. फोनवर मिळालेल्या आश्वासनाचा नंतर उपयोग होत नाही.

वडिलांच्या बाबतीत पूर्वीपासूनच्या आजारांचे कलम निर्णायक आहे. प्रवास विम्यात असे आजार बहुधा वगळलेले असतात, किंवा जीवावर बेतलेल्या प्रसंगी एका ठरावीक रकमेपर्यंतच खर्च मिळतो. प्रस्ताव अर्जात रक्तदाब, मधुमेह आणि इन्सुलिन यांचा उल्लेख केलाच पाहिजे. हप्ता वाढेल या भीतीने लोक तो रकाना कोरा सोडतात, आणि पुढे रुग्णालयाच्या कागदावर "ज्ञात मधुमेही" एवढे दोन शब्द दिसले की संपूर्ण दावा अडकतो.

शेवटी हेलिकॉप्टर. एव्हरेस्ट परिसरातून काठमांडूला आणण्याचा खर्च काही हजार अमेरिकी डॉलर होतो. पॉलिसीतील एकूण रक्कम मोठी दिसली तरी आपत्कालीन स्थलांतराला त्यात वेगळी मर्यादा असू शकते, ती शोधून पाहावी. त्याचबरोबर बहुतेक कंपन्या आपल्या मदत केंद्राची पूर्वसंमती मागतात. आधी हेलिकॉप्टर बोलावले आणि नंतर कळवले, तर दावा नाकारण्यास त्यांना कारण मिळते. पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावी आणि तिची मुदत परतीच्या नियोजित तारखेपेक्षा काही दिवस पुढे ठेवावी, कारण लुक्लाची विमाने ढगांमुळे दिवसचे दिवस अडकतात. तिथली धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि चढती आहे, त्यामुळे स्वच्छ दिसल्याशिवाय वैमानिक उतरत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

फिजिशियन_सोलापूर

आपल्या वडिलांचा तुळजापूरचा नेम कौतुकास्पद आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. चालण्याची ताकद आणि उंची सोसण्याची क्षमता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर आहे आणि राज्यातील सर्वोच्च असलेले कळसूबाईदेखील १६४६ मीटरच आहे. उंचीचा आजार साधारण २५०० मीटरच्या पुढे दिसू लागतो, त्यामुळे महाराष्ट्रात कितीही सराव केला तरी शरीर उंचीला कसा प्रतिसाद देईल हे कळत नाही. बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो, आणि त्यामुळेच अधिक अडचणीत येतो.

या आजारावरचा खरा उपाय सावकाश चढणे हाच आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असे वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्या संस्थेचा कार्यक्रम हातात घेऊन प्रत्येक मुक्कामाची उंची शेजारी लिहून पाहा. फाकदिंगहून नामचेला जाताना एका दिवसात आठशेहून अधिक मीटरची वाढ होते, म्हणून नामचेला एक जादा रात्र असलीच पाहिजे आणि दिंगबोचेलाही. ज्या कार्यक्रमात यांपैकी एक रात्र कापून तो "कमी सुट्टीत" बसवलेला असेल, त्या गटाबरोबर कितीही चांगला विमा घेऊन जाऊ नये.

लक्षणांविषयी गटातील प्रत्येकाला ठाऊक असावे. उंचीवर डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणे, चक्कर किंवा असाधारण थकवा असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार मानावा आणि त्या दिवशी वर जाऊ नये. विश्रांतीतही धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, तर फुप्फुसात पाणी होत असण्याची शक्यता आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालू शकत नसेल, तर मेंदूला सूज येत आहे. या दोन्ही अवस्थांत सकाळची वाट पाहायची नसते. रात्र असो वा बर्फ, शक्य त्या मार्गाने त्याला खाली न्यायचे असते. प्राणवायू, डेक्सामेथासोन किंवा हवेच्या दाबाची पिशवी ही खाली नेईपर्यंतची मदत आहे, खाली नेण्याला पर्याय नव्हे.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारात डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, प्रतिबंधासाठी वापरली जाते. प्रौढांना सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. मात्र सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा चालू असलेली इतर औषधे पाहिल्याशिवाय ती कोणी स्वतःहून घेऊ नये. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल तर निर्जलीकरणाचा धोका वाढतो, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना ते चिठ्ठीसह दाखवावे. वर असताना मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य आहेत.

आता इन्सुलिन. ते गोठले तर निकामी होते, त्यामुळे दिवसा अंगाला लागून असलेल्या आतल्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवावे लागते, भारवाहकाकडे दिलेल्या सामानात ठेवता येत नाही. साखर मोजण्याचे यंत्र आणि पट्ट्या थंडीत चुकीचे आकडे देऊ शकतात. दिवसभराच्या चालण्याने इन्सुलिनची गरज घटते, उंचीवर भूक मंदावते, आणि साखर अचानक उतरते. याहून अवघड गोष्ट अशी की साखर उतरल्यावर होणारी चक्कर, गोंधळ आणि अशक्तपणा ही लक्षणे उंचीच्या आजारासारखीच दिसतात. पाच हजार मीटरवर, उणे तापमानात, त्या दोहोंतला फरक ओळखायला अनुभवी डॉक्टरलाही वेळ लागतो.

मधुमेही व्यक्ती हिमालयात जाऊच शकत नाही असे मुळीच नाही. अनेक जण उत्तम प्रकारे जाऊन येतात. परंतु ज्यांचे इन्सुलिन नुकतेच सुरू झाले आहे आणि मात्रा अजून स्थिर व्हायची आहे, त्यांनी पहिलाच हिमालयीन ट्रेक ५३६४ मीटरचा करू नये, असे माझे ठाम मत आहे. या वर्षात साखर स्थिर करावी, हृदयाची तपासणी ताणचाचणीसह करून घ्यावी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी विसरू नये, कारण मधुमेहाने पडद्यावर आधीच परिणाम झालेला असेल तर उंचीवरचा रक्तस्राव धोकादायक ठरू शकतो. त्यानंतर संदकफूसारखा ३६३६ मीटरचा ट्रेक करून शरीर काय म्हणते ते पाहावे. ऑक्टोबरमध्ये त्यांना यायचेच असेल तर नामचेपर्यंत चालून, तिथे दोन रात्री राहून, एका स्वतंत्र मार्गदर्शकासह परतण्याचा कार्यक्रम आखता येईल. एव्हरेस्टचे पहिले दर्शन हवा स्वच्छ असेल तर त्या परिसरातूनही घडते.

उंचवाट

वरील दोन्ही उत्तरांना जोडून मी प्रत्यक्ष पाहिलेला एक प्रसंग सांगतो, कारण संमती, फोन आणि पैसे या गोष्टी तिथे कशा घडतात हे कागदावरून कळत नाही.

लोबुचेच्या लॉजमध्ये संध्याकाळी शेणाच्या गोवऱ्यांच्या शेगडीभोवती सगळे बसले होते. आमच्यापैकी एक जण जेवणाच्या दोन बाकांमधल्या अरुंद जागेतून स्वयंपाकघराकडे निघाला आणि तेवढ्या अंतरात दोनदा बाकाला धडकला. मार्गदर्शकाने त्याला तिथेच सरळ रेषेत चालायला लावले, तर त्याचा तोल चौथ्या पावलाला गेला. सकाळपासून तो "फक्त थकलो आहे" म्हणत होता. मार्गदर्शकाने क्षणही न दवडता दोन भारवाहकांना उठवले, आणि डोक्याला बांधलेल्या विजेऱ्यांच्या उजेडात आळीपाळीने आधार देत आणि पाठीवर घेत त्याला फेरिचेला उतरवले. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे आरोग्य केंद्र आहे. १९७३ पासून वसंत आणि शरद ऋतूंत ते चालते आणि दुपारी उंचीच्या आजारांवर व्याख्यानही होते, जे प्रत्येक ट्रेकरने ऐकावे. रात्री हेलिकॉप्टर येत नाही, हे लक्षात ठेवा. विमा असो वा नसो, पहिले काही तास माणसाला पायांनी आणि पाठीवरच खाली आणावे लागते.

दरम्यान मी लॉजमधून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. त्या उंचीवर आपले भारतीय सिमकार्ड उपयोगाचे नव्हते. नेपाळ टेलिकॉमचे सिम घेतले होते म्हणून संपर्क झाला. त्यांनी पॉलिसी क्रमांक, रुग्णाचे वय, नेमके ठिकाण आणि उंची, लक्षणे कधी सुरू झाली, तपासणारा डॉक्टर कोण आणि त्याच्याशी कोणत्या क्रमांकावर बोलता येईल, एवढे विचारले. यातले पहिले उत्तर त्याच्या बॅगेतल्या मोबाइलमध्ये कुलूपबंद असते, तर आम्ही काहीच करू शकलो नसतो. आम्ही घरून निघतानाच प्रत्येकाच्या पॉलिसीची छापील प्रत इतर दोघांकडे ठेवली होती. फेरिचेच्या डॉक्टरांनी थेट कंपनीशी बोलून स्थलांतराची गरज असल्याचे लेखी दिले, पहाटे संमती आली, आणि ढग चढण्याआधी सकाळीच हेलिकॉप्टरने त्याला नेले. तो पूर्ण बरा झाला.

दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. त्याच ट्रेकमध्ये खाली उतरताना गटातल्या एका बाईंचे गुडघे दुखू लागले, तेव्हा वाटेत भेटलेल्या एका मध्यस्थाने "विमा आहे ना, मग हेलिकॉप्टरनेच जा, कंपनी भरेल" असा आग्रह धरला. नेपाळमध्ये अशा अनावश्यक उड्डाणांचा आणि एकाच फेरीतल्या अनेक प्रवाशांच्या नावे वेगवेगळी बिले लावण्याचा प्रकार इतका वाढला होता की २०१८ मध्ये तिथल्या सरकारला चौकशी करावी लागली, आणि परदेशी विमा कंपन्यांनी संरक्षण काढून घेण्याचा इशारा दिला होता. गरज नसताना केलेले उड्डाण कंपनीने नाकारले तर बिल तुमच्या नावावर येते, आणि शिवाय त्याच सकाळी खरोखर अत्यवस्थ असलेल्या कुणाचे तरी हेलिकॉप्टर अडते. त्या बाई एक दिवस थांबून, घोड्यावरून लुक्लाला पोहोचल्या.

म्हणून माझी सूचना अशी की सोलापुरातच बसून गटाने ठरवावे : कुणाच्या सांगण्यावरून माणूस खाली जाईल, कोण त्याच्याबरोबर उतरेल, आणि कंपनीची संमती येईपर्यंत लागणारे पैसे कुणाच्या कार्डावरून भरले जातील. मी पाहिले आहे की लोक वर आजार लपवतात, आणि तो लपवण्यामागे हट्टापेक्षा खर्चाची आणि इतरांचा ट्रेक बुडेल याची धास्ती अधिक असते. ते प्रश्न आधीच सुटलेले असतील तर माणूस दुपारीच सांगतो की डोके दुखते आहे, आणि मग हेलिकॉप्टरची वेळच येत नाही.

दाव्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णालयाचे घरी सोडतानाचे पत्र, हेलिकॉप्टरचे बिल आणि प्रवाशांच्या नावांची यादी, संमतीचा संदर्भ क्रमांक आणि ट्रेकचे परवाने, सर्व मूळ स्वरूपात आणावे. आमच्या मित्राच्या बाबतीत कंपनीने आधी उंचीचा पुरावा मागून दावा रोखून धरला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लोबुचेचा उल्लेख असल्यामुळे आणि सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या परवान्यावर तारीख असल्यामुळे तो पुढे मंजूर झाला.

पॉलिसीवाचक

उंचवाट यांनी दाव्याचा विषय काढलाच आहे, तर एवढे जोडतो. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर मान्य नसेल, तर त्यानंतर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. सोलापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, शुल्क लागत नाही, वकील द्यावा लागत नाही, आणि लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतात.

अश्विनपौर्णिमा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना ही उत्तरे वाचून दाखवली. डॉक्टरसाहेबांचे इन्सुलिन आणि डोळ्यांच्या पडद्याविषयीचे म्हणणे त्यांनी पुन्हा वाचायला लावले, आणि बऱ्याच वेळाने "नामचेपर्यंत येतो, पुढच्या वर्षी बघू" असे ते म्हणाले. त्यांच्या तपासण्या या आठवड्यात सुरू करत आहोत.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्यातील काही जण खर्च वाचवण्यासाठी रेल्वेने गोरखपूरला जाऊन सोनौली सीमेवरून जाणार आहेत आणि त्यांच्याकडे पासपोर्ट नाही. त्यांच्या विम्याचे काय? आणि आमचे सामान वाहणाऱ्या नेपाळी भारवाहकांना काही झाले तर त्यांची जबाबदारी कुणाची?

गोरखपूरमार्गे

भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये प्रवेशासाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. परंतु परदेश प्रवास विम्याच्या अर्जात बहुधा पासपोर्ट क्रमांक मागतात, त्यामुळे ओळखपत्रावर जाणाऱ्यांनी कंपनीला आधी विचारून घ्यावे, आणि शक्य असेल तर पासपोर्टच काढून घ्यावा. सोलापुरात त्यासाठी आता फार लांब जावे लागत नाही. दुसरे म्हणजे रस्त्याने सीमा ओलांडताना भारतीयांच्या पासपोर्टवर शिक्का बसत नाही. तुम्ही कोणत्या दिवशी देश सोडला हे पुढे सिद्ध करावे लागल्यास रेल्वेचे तिकीट, सीमेपलीकडच्या बसचे तिकीट आणि पहिल्या रात्रीच्या हॉटेलचे बिल एवढाच पुरावा असतो, तो सांभाळावा.

सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी भरपूर घ्यावी. भूक मेली तरी ओळखीची चव घशाखाली उतरते, आणि भाकरी थंडीत आठवडाभर टिकते.

उंचवाट

भारवाहकांविषयी विचारलेत याचा आनंद वाटला. त्यांचा आणि मार्गदर्शकाचा विमा उतरवणे हे ट्रेक संस्थेचे काम आहे, पण ते झाले आहे का हे विचारणे आपले काम आहे. प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यात उंचीचा आजार व हेलिकॉप्टर समाविष्ट आहे का हे पाहावे. त्यांच्या अंगावर थंडीचे कपडे आणि पायात बूट आहेत का, रात्री त्यांना निवारा मिळतो का, आणि एकाच्या पाठीवर तीस किलोपेक्षा अधिक ओझे तर नाही ना, हेही निघतानाच पाहून घ्यावे. सखल भागातून कामासाठी आलेल्या भारवाहकाला उंचीचा त्रास आपल्याइतकाच होतो. आजारी पडलेल्या भारवाहकाला पैसे देऊन एकटे खाली पाठवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती कदापि मान्य करू नये; त्याच्यासोबत त्याची भाषा जाणणारा माणूस द्यावा.

ऑक्टोबरविषयीही सावध राहा. हवा सामान्यतः स्वच्छ असते, परंतु बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ नेपाळपर्यंत पोहोचले तर चित्र पालटते. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुदच्या अवशेषांमुळे अन्नपूर्णा परिसरात, विशेषतः ५४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीजवळ, हिमवादळात चाळीसहून अधिक लोक दगावले. आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळाची बातमी असेल, तर लॉजमध्येच दोन दिवस थांबावे. त्यासाठी कार्यक्रमात मोकळे दिवस हवेत.

अश्विनपौर्णिमा

विमा कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मसुदा पॉलिसीवाचक यांनी दिल्यास आमच्या गटातील सर्वांना उपयोगी पडेल.

पॉलिसीवाचक

जरूर. आपल्या तारखा आणि नावे घालून पुढील मजकूर पाठवावा, आणि मुद्देनिहाय लेखी उत्तर येईपर्यंत हप्ता भरू नये.

"महोदय, आम्ही नेपाळमधील लुक्ला ते एव्हरेस्ट बेस कॅम्प हा ट्रेक परवानाधारक मार्गदर्शकासह, दोर किंवा गिर्यारोहणाची साधने न वापरता, पायवाटेने करणार आहोत. सर्वोच्च मुक्काम ५१६४ मीटरवर असून दिवसा ५६०० मीटरपर्यंत जाण्याची शक्यता आहे. आपल्या पॉलिसीत या संपूर्ण उंचीपर्यंत संरक्षण आहे का, उंचीमुळे होणारे आजार हे आजार म्हणून देय आहेत का, हेलिकॉप्टरने स्थलांतर करण्याची कमाल रक्कम किती आणि त्यासाठी कोणाची, कोणत्या क्रमांकावर पूर्वसंमती घ्यावी, संपर्क होऊ शकला नाही तर किती वेळात कळवावे, आणि प्रस्ताव अर्जात जाहीर केलेल्या रक्तदाब व मधुमेह या आजारांमुळे यांपैकी कोणता लाभ कमी होतो, याचे उत्तर पॉलिसीतील कलम क्रमांकासह द्यावे."